मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचे डायलिसिसवरील जीवनमान : जसलोक ते ठाकुरवाडी – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राने मृत्यूला थोपवून धरणारी जी थोडी साधने निर्माण केली, त्यांत डायलिसिसचे स्थान महत्त्वाचे आहे. हृदय, फुप्फुस वा यकृत यांचे कार्य एखाद्या यंत्राने वर्षानुवर्षे करावे, ही गोष्ट आजही सहजसाध्य नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र ती १९६० पासून साध्य झालेली आहे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली व्यक्ती आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा यंत्राच्या साहाय्याने आपले रक्त शुद्ध करून घेते आणि अनेक वर्षे जगते. बोलीभाषेत अशा व्यक्तीविषयी 'तो डायलिसिसवर आहे' किंवा 'त्याचे रक्त धुतात' असे म्हटले जाते. 'डायलिसिसवर असणे' ही जणू जगण्याची एक स्वतंत्र अवस्थाच बनली आहे.

या अवस्थेतील जगण्याची प्रत काय, हा 'जीवनमाना'चा प्रश्न होय. तो सामान्यतः वैद्यकशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि त्याला इतिहासही आहे. डायलिसिसचा शोध लागल्यापासून समाजाने या रुग्णांविषयी वेगवेगळ्या काळी वेगवेगळे प्रश्न विचारले. रुग्ण जगेल का, हा पहिला प्रश्न होता. कोणाला जगवावे, हा दुसरा. जगलेला रुग्ण कसा जगतो, हा तिसरा. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने आढावा घेऊन, रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकुरवाड्यांच्या संदर्भात एक चौथा प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे. तो प्रश्न म्हणजे, रुग्ण कोठे राहून जगतो?

अभ्यासाची उद्दिष्टे

१. डायलिसिस उपचाराच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. जीवनमान मोजण्याची कल्पना या उपचाराशी कशी जोडली गेली, ते तपासणे.
३. महाराष्ट्रातील या उपचाराच्या वाटचालीत जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणाचे स्थान स्पष्ट करणे.
४. डोंगराळ आदिवासी वस्तीच्या संदर्भात जीवनमानाच्या प्रचलित मोजमापांची मर्यादा दाखविणे.

लेखाची मांडणी प्रकाशित साधने, शासकीय योजना व सर्वज्ञात ऐतिहासिक घटना यांच्या आधारे वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे.

पहिला प्रश्न : रुग्ण जगेल का?

'डायलिसिस' हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम याने १८६१ मध्ये रूढ केला. अर्धपार्य पडद्यातून काही द्रव्ये आरपार जातात व काही अडून राहतात, हे तत्त्व त्याने दाखवून दिले. १९१३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एबल, राउंट्री व टर्नर यांनी प्राण्यांच्या रक्तावर हा प्रयोग केला. १९२४ मध्ये जर्मनीत गेऑर्ग हास याने प्रथमच मनुष्यावर तो करून पाहिला. तथापि योग्य पडदा आणि रक्त गोठू न देणारे सुरक्षित द्रव्य यांच्या अभावी हे प्रयत्न पुढे जाऊ शकले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जर्मनीच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमधील काम्पेन या लहान गावी, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये उपयोगी पडेल असे पहिले यंत्र तयार केले. लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळलेली असे. ही नळी मुळात मांसपदार्थांच्या वेष्टनासाठी वापरली जाई. यंत्रावर घेतलेल्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी बहुतेक दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री या उपचाराने शुद्धीवर आली व वाचली. तिचा आजार तात्पुरत्या स्वरूपाचा होता. मूत्रपिंडे पूर्ववत होईपर्यंत यंत्राने तिला तारून नेले.

हा 'तात्पुरता' उपयोग ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने आजही मोलाचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी घोणशीचा दंश, भातखाचरांत पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, बाळंतपणातील अतिरक्तस्राव किंवा तीव्र अतिसार यांमुळे मूत्रपिंडे अचानक बंद पडू शकतात. अशा रुग्णास वेळेवर प्रतिविष वा अन्य उपचार मिळाले आणि आवश्यक तेवढे दिवस डायलिसिस झाले, तर अनेकदा त्याची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात व तो आपल्या शेतावर परत जातो. येथे यंत्र काही दिवसांचे सोबती असते, जन्माचे नव्हे.

कायमची निकामी झालेली मूत्रपिंडे हा वेगळाच विषय होता. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने दीर्घकाळ डायलिसिस करणे अशक्य होते. ही अडचण १९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दूर केली. हातातील धमनी व शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची कायमस्वरूपी नळी त्यांनी बसविली. त्यांचा पहिला रुग्ण, क्लाइड शील्ड्स नावाचा यंत्रकामगार, त्यानंतर ११ वर्षे जगला. १९६६ मध्ये ब्रेशिया व सिमिनो यांनी त्वचेखालीच धमनी व शीर जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिला 'फिस्टुला' म्हणतात. आजही डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर उठून दिसणाऱ्या फुगीर शिरा हे त्याच शस्त्रक्रियेचे चिन्ह होय.

दुसरा प्रश्न : कोणाला जगवावे?

उपचार सिद्ध झाला, पण यंत्रे थोडी व रुग्ण अनेक, अशी स्थिती निर्माण झाली. सिॲटलच्या केंद्राने रुग्ण निवडण्यासाठी सात जणांची एक समिती नेमली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, बँक व्यावसायिक, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता व शल्यविशारद होते. रुग्णाचे वय, उत्पन्न, कुटुंब, शिक्षण, समाजातील उपयुक्तता इत्यादी गोष्टी विचारात घेतल्या जात. १९६२ मध्ये 'लाइफ' नियतकालिकाने ही हकीकत प्रसिद्ध केली तेव्हा मोठी खळबळ उडाली. माणसाच्या जगण्याची लायकी ठरविण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न विचारला गेला. आधुनिक वैद्यकीय नीतिशास्त्राच्या उगमांपैकी हा एक मानला जातो. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून बहुतेक सर्व मूत्रपिंड रुग्णांच्या उपचारांचा खर्च शासनाच्या विमा योजनेतून देण्याचे ठरविले आणि १९७३ पासून त्याची अंमलबजावणी झाली.

भारतात अशी समिती नेमली गेली नाही. येथे निवड पैशाने आणि अंतराने केली. देशात या उपचाराची सुरुवात १९६० च्या दशकात मोजक्या मोठ्या रुग्णालयांत झाली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये झाला, तर पहिले यशस्वी प्रत्यारोपण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये झाले. नियमित डायलिसिस हे बहुसंख्य भारतीयांच्या दृष्टीने त्या काळात नाव न ऐकलेले उपचार होते.

जयप्रकाश नारायण आणि जसलोक

'डायलिसिस' हा शब्द सर्वसामान्य वृत्तपत्रवाचकाच्या कानी पडला तो एका राजकीय घटनेच्या निमित्ताने. २६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीत जयप्रकाश नारायण यांना अटक झाली. चंदीगड येथील स्थानबद्धतेत त्यांची प्रकृती ढासळली आणि १२ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांची सुटका करण्यात आली. त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. हे रुग्णालय १९७३ मध्ये सुरू झालेले होते. तेथे त्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे निदान झाले आणि डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायलिसिस सुरू झाले. आजाराच्या कारणांविषयी पुढे बराच वाद झाला. तो प्रस्तुत विषयाच्या कक्षेबाहेरचा आहे. येथे महत्त्वाचे आहे ते त्यांचे पुढील चार वर्षांचे जीवन.

या वेळी जयप्रकाशजींचे वय ७३ वर्षांचे होते. वैद्यकीय कोष्टकांत त्यांची गणना क्षीण, परावलंबी रुग्णांत झाली असती. प्रत्यक्षात १९७७ च्या जानेवारीत निवडणुका जाहीर होताच त्यांनी विरोधी पक्षांना एकत्र आणण्याच्या कामी पुढाकार घेतला. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावरील प्रचंड सभेत ते बोलले. २४ मार्च रोजी राजघाटावर त्यांनी नवनिर्वाचित खासदारांना शपथ दिली. एका डायलिसिसपासून दुसऱ्या डायलिसिसपर्यंतच्या मोजक्या दिवसांत हे सारे घडत होते. त्याच वर्षी उपचारांसाठी ते सिॲटललाही जाऊन आले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता लोकसभेत जाहीर झाली. त्यानंतरही ते जगले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले.

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, जीवनमान केवळ शारीरिक क्षमतेवर अवलंबून नसते. जगण्याला हेतू असेल, तर यंत्राने बांधलेले आयुष्यही समाजाच्या उपयोगी पडू शकते. दुसरी गोष्ट उपचारखर्चाची. जयप्रकाशजींसाठी डायलिसिसचे यंत्र घेण्याकरिता लोकांकडून लहान लहान रकमांची वर्गणी गोळा करण्यात आली. पंतप्रधानांच्या साहाय्यनिधीतून आलेली मोठी रक्कम त्यांनी स्वीकारली नाही. लोकांचा रुपया त्यांना चालत होता. समाजाने वर्गणी काढून एका माणसाचे श्वास चालू ठेवले, असे हे उदाहरण आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाटण्यास परतल्यावर त्यांचे डायलिसिस त्यांच्या राहत्या ठिकाणी होऊ शकले. म्हणजेच यंत्र रुग्णाकडे गेले. सामान्य रुग्णास मात्र यंत्राकडे जावे लागते. हा फरक पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

तिसरा प्रश्न : रुग्ण कसा जगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याची व्याख्या करताना, केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, अशी व्यापक भूमिका घेतली. त्यामुळे 'किती वर्षे जगला' यासोबत 'कसा जगला' हेही मोजण्याची गरज निर्माण झाली. मूत्रपिंड रुग्णांच्या बाबतीत या दृष्टीने १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉजर इव्हान्स व सहकाऱ्यांचा अभ्यास मैलाचा दगड मानला जातो. अमेरिकेतील ११ केंद्रांमधील ८५९ रुग्णांचा त्यात समावेश होता. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची कार्यक्षमता डायलिसिसवरील रुग्णांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळली. परंतु रुग्णांनी स्वतः व्यक्त केलेले समाधान त्यांच्या शारीरिक अवस्थेवरून अपेक्षावे तितके कमी नव्हते. माणूस आपल्या परिस्थितीशी जुळवून घेतो, हे यातून दिसून आले. तथापि या जुळवून घेण्याचा अर्थ 'सर्व ठीक आहे' असा काढणे धोक्याचे ठरेल, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

१९८९ मध्ये अमेरिकेत एरिथ्रोपोएटिन या औषधास मान्यता मिळाली. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तनिर्मितीस चालना देणारे हे संप्रेरक शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि रुग्ण सतत थकलेला राहतो. या औषधाने रुग्णाचा फिकटपणा व थकवा कमी झाला आणि वारंवार रक्त भरण्याची गरज घटली. जीवनमान सुधारणे हेच ज्याचे प्रमुख यश, असे हे औषध होते.

१९९० च्या दशकात मोजमापाची साधने अधिक नेमकी झाली. १९९२ मधील ३६ प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली, १९९४ मधील खास मूत्रपिंड रुग्णांसाठीची प्रश्नावली आणि जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची संक्षिप्त प्रश्नावली यांचा वापर जगभर होऊ लागला. शेवटच्या प्रश्नावलीत शारीरिक, मानसिक, सामाजिक व पर्यावरणविषयक अशी चार क्षेत्रे आहेत. तिच्या जडणघडणीत दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांचाही सहभाग होता. भारतातील महाविद्यालयांत व रुग्णालयांत होणारे बहुतेक अभ्यास यांपैकी एखाद्या साधनावर आधारलेले असतात.

या साधनांचे मोल निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक प्रश्नावलीच्या मागे एक विशिष्ट घर, विशिष्ट रस्ता व विशिष्ट दिनक्रम गृहीत धरलेला असतो. ३६ प्रश्नांच्या मूळ इंग्रजी प्रश्नावलीत मध्यम श्रमांची उदाहरणे म्हणून टेबल सरकविणे, झाडलोटीचे विजेचे यंत्र चालविणे व गोल्फ खेळणे यांचा उल्लेख आहे. भाषांतरात अशी उदाहरणे बदलली जातात, तरी 'घरापासून दवाखान्यापर्यंत पोचता येते' हे गृहीत बहुधा तसेच राहते. नेमक्या याच ठिकाणी ठाकुरवाडीचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो.

चौथा प्रश्न : रुग्ण कोठे जगतो?

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. येथील डोंगरउतारांवर ठाकूर किंवा ठाकर जमातीच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. 'ठाकुरवाडी' हे नाव एकाच वस्तीचे नसून अनेक वस्त्यांचे आहे. या जमातीचे 'म ठाकूर' व 'क ठाकूर' असे दोन प्रमुख विभाग आहेत. ल. ना. चापेकर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सह्याद्रीतील ठाकरांच्या जीवनाचा सविस्तर अभ्यास मांडला आहे. पावसाळ्यात नाचणी, वरी व भाताची शेती, एरवी मजुरी, मोळीविक्री, रानमेवा व रानभाज्यांची विक्री, तर काहींच्या नशिबी वीटभट्टीवरील हंगामी स्थलांतर, असे येथील उपजीविकेचे स्वरूप राहिले आहे.

या प्रदेशाचा इतिहास विरोधाभासांनी भरलेला आहे. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटातील एका ठाण्यास 'ठाकुरवाडी' हेच नाव मिळाले. प्रवाशांची लोकलगाडी मात्र कर्जतहून पळसदरीमार्गे खोपोलीकडे वळते. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, परंतु डोंगरावरच्या वाड्यांत दिवा लागण्यास अनेक दशके जावी लागली. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातूनच जातो. तरीही १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना पायवाटेने डोंगर चढूनच वर जावे लागले, कारण तेथे वाहन जाईल असा रस्ता नव्हता. आधुनिक साधने डोळ्यांसमोर, पण हाताच्या पलीकडे, ही या भागाची ऐतिहासिक अवस्था आहे.

या पार्श्वभूमीवर ठाकुरवाडीतील एखाद्या व्यक्तीची मूत्रपिंडे निकामी झाली, तर तिच्या जीवनमानाचे स्वरूप काय असेल, याचा विचार करता येईल. येथे कोणा एका रुग्णाची कहाणी सांगण्याचा हेतू नाही. उपचाराचे नियम व भूगोलाचे नियम एकमेकांशेजारी ठेवून पाहावयाचे आहेत.

(अ) वेळ व मजुरी : डायलिसिसची एक पाळी साधारण चार तासांची असते. आठवड्यातून तीन वेळा म्हटले तर वर्षाकाठी १५६ पाळ्या होतात, दोन वेळा म्हटले तरी १०४. शहरातील रुग्णाचे चार तास जातात, वाडीवरील रुग्णाचा पूर्ण दिवस जातो. डोंगर उतरणे, विक्रम रिक्षा किंवा एस.टी. गाठणे, गरज पडल्यास कर्जतहून लोकल पकडणे, उपचारानंतर अशक्त अवस्थेत तोच प्रवास उलट करून शेवटी डोंगर चढणे, असा हा क्रम आहे. मुंबईतील शीव, परळ येथील मोठी सार्वजनिक रुग्णालये मध्य रेल्वेच्या याच मार्गाने गाठता येतात. परंतु कर्जत ते मुंबई हे अंतर सुमारे १०० कि.मी. आहे आणि जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग तर समुद्रकाठी आहे. रुग्णासोबत एक माणूस लागतोच. म्हणजे एका आजाराने घरातील दोघांची मजुरी बुडते. रेल्वे व एस.टी. यांनी डायलिसिसच्या रुग्णांना प्रवासभाड्यात सवलत दिली आहे. बुडालेल्या मजुरीला मात्र सवलत नसते.

(आ) पाणी : एका पाळीसाठी यंत्रातून साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी वाहते. वाडीच्या भाषेत हे आठ-दहा हंडे झाले. उन्हाळ्यात झऱ्यावर किंवा विहिरीवर जाऊन इतके हंडे डोक्यावरून आणणाऱ्या बाईच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. उलट रुग्णास स्वतःला पिण्याचे पाणी मोजून घ्यावे लागते. ज्याची लघवी बंद झाली आहे, त्याला अन्नाखेरीज दिवसाला जेमतेम अर्धा ते एक लिटर पाण्याची मुभा असते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघड्यावर श्रम करणाऱ्या माणसाला तहान मोजून भागविण्यास सांगणे, हे पथ्य नसून दुसरा आजारच होय.

(इ) आहार : निकामी मूत्रपिंडे शरीरातील पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत आणि ते वाढल्यास हृदय अचानक बंद पडू शकते. म्हणून पालेभाज्या, कंदमुळे, केळी, शहाळ्याचे पाणी यांवर बंधने येतात. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे, असा सल्ला दिला जातो. दुसरीकडे, डायलिसिसमध्ये प्रथिने वाया जात असल्याने अंडी, मासे, डाळी प्रमाणात घ्याव्यात, असे सांगतात. ज्या घरात पावसाळ्यात फुकट मिळणाऱ्या रानभाज्या हाच आधार व विकत घ्यावी लागणारी डाळ ही चैन, त्या घराचे सारे गणित या पथ्याने उलटे होते. सणावाराला एका पंगतीत बसून तेच अन्न न खाता येणे, हे सामाजिक जीवनमानाचेही नुकसान आहे.

(ई) कुटुंब : प्रत्यारोपण हा अधिक चांगला उपाय मानला जातो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीस बंदी केली आणि मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात हा कायदा फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे. भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे असते, तर घेणाऱ्यांमध्ये पुरुषांचे, हे सर्वपरिचित आहे. पुरुष आजारी पडला तर पत्नी वा आई पुढे येते. स्त्री आजारी पडली तर तिच्यासाठी कोण पुढे येईल, हा प्रश्न वाडीत जसा आहे तसाच शहरातही आहे.

शासकीय प्रयत्न व त्यांची मर्यादा

२ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. डायलिसिसचा समावेश तिच्यात आहे. फेब्रुवारी २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्या वेळच्या भाषणात दिलेल्या आकड्यांनुसार देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडत होती, केंद्रे जवळपास ४,९५० होती आणि तीही मुख्यतः खासगी व मोठ्या शहरांत होती. एका पाळीचा खर्च सुमारे २,००० रुपये, तर वर्षाचा तीन लाखांहून अधिक होता. लांबचा प्रवास व बुडणारी मजुरी यांचा स्पष्ट उल्लेखही त्या भाषणात होता. जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस उपलब्ध करून देण्याचे धोरण त्यातून पुढे आले.

या योजनांनी दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे 'कोणाला जगवावे' याचे, उत्तर बऱ्याच अंशी बदलले. दारिद्र्य हे आता उपचार नाकारण्याचे कारण उरलेले नाही, निदान कागदोपत्री तरी नाही. परंतु योजना यंत्राचा खर्च भरते, वाटेचा नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मुंबईची लोकलसेवा बंद झाली. जूनमध्ये ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली आणि सर्वसामान्यांसाठी वेळेच्या बंधनासह १ फेब्रुवारी २०२१ रोजी खुली झाली. ज्यांचे आयुष्य आठवड्याच्या दोन-तीन प्रवासांवर टांगलेले होते, त्यांना या काळाने एक गोष्ट कठोरपणे दाखवून दिली. ती म्हणजे, डायलिसिसच्या रुग्णासाठी रस्ता व रेल्वे हेही उपचाराचेच भाग आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश आहे, मूत्रपिंड निकामी होण्याचा मात्र नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

यंत्र रुग्णाकडे नेण्याचा एक मार्ग १९७० च्या दशकातच सापडला होता. पोटाच्या पोकळीतील पडद्याचा उपयोग करून रुग्णाने घरीच द्रावणाच्या पिशव्या बदलण्याची पद्धत पोपोविच व मॉनक्रीफ यांनी १९७६ मध्ये मांडली. २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कार्यक्रमात या पद्धतीचा समावेश करण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दूरच्या वस्तीसाठी ही पद्धत तत्त्वतः योग्य दिसते. परंतु तिला दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ जागा, हात धुण्यास निर्मळ पाणी आणि दरमहा येणाऱ्या जड पिशव्यांसाठी वाट व कोरडा आडोसा लागतो. मातीच्या कुडाच्या घरात, कोकणातील पावसात, या तीनही गोष्टींची तजवीज केल्याशिवाय ही पद्धत सुचविणे म्हणजे जंतुसंसर्गास आमंत्रण देणे ठरेल.

याहून अधिक आशादायक आहे तो प्रतिबंधाचा मार्ग. जयप्रकाशजींवर उपचार करणारे डॉ. मणी पुढे चेन्नईस गेले. १९९० च्या दशकात त्यांनी किडनी हेल्प ट्रस्टच्या माध्यमातून तामिळनाडूच्या ग्रामीण भागात एक साधा कार्यक्रम राबविला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्तीने घरोघरी जाऊन रक्तदाब मोजणे, लघवीतील साखर व प्रथिने तपासणे आणि स्वस्त औषधांनी मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, असे त्याचे स्वरूप होते. देशातील सर्वांत प्रसिद्ध डायलिसिस रुग्णाचा डॉक्टर अखेरीस यंत्राकडून गावाच्या उंबरठ्याकडे वळला, ही घटना या इतिहासात अर्थपूर्ण आहे. आज वाडीवर पोचणारी आशा कार्यकर्ती हे काम करू शकते. त्यासाठी लागणारी साधने एका पिशवीत मावतात.

समारोप

डायलिसिसच्या इतिहासात प्रत्येक पिढीने आपल्या काळाचा प्रश्न विचारला. काम्पेनमध्ये तो जीवनमरणाचा होता, सिॲटलमध्ये न्यायाचा व १९८५ नंतर जीवनमानाचा. जसलोक व पाटण्याच्या इतिहासाने दाखविले की, समाजाने भार उचलला व यंत्र रुग्णाजवळ आले, तर उरलेले आयुष्य सार्थ होऊ शकते. जयप्रकाशजींना जे मिळाले ते त्यांच्या मोठेपणामुळे मिळाले. ते सामान्य माणसाला हक्काने मिळावे, ही अपेक्षा लोकशाहीत अवाजवी म्हणता येणार नाही.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, जीवनमानाच्या प्रश्नावल्या स्थानिक जीवनाच्या भाषेत पुन्हा घडविल्या पाहिजेत. 'जिना चढता येतो का' याऐवजी 'खालच्या रस्त्यावरून वाडीपर्यंत न थांबता येता का', 'हंडा उचलता का', 'यंदा आवणीला उतरलात का' असे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. दोन, प्रवासाचे तास व सोबत्याची बुडालेली मजुरी यांची नोंद उपचाराच्या खर्चातच झाली पाहिजे. तीन, तालुका पातळीवरील सोयीचे मोजमाप यंत्रांच्या संख्येने न करता दूरच्या वाडीपासून लागणाऱ्या वेळेने झाले पाहिजे. चार, ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र, भूगोल व गृहविज्ञान या विभागांनी आपल्या परिसरातील वाड्यांवर अशा अभ्यासांत भाग घेतला पाहिजे. हा विषय केवळ वैद्यकीय महाविद्यालयांवर सोपवून चालणार नाही.

सिॲटलच्या समितीतील सात जणांची नावे गुप्त ठेवण्यात आली होती, तरी समिती होती एवढे जगाला ठाऊक होते आणि म्हणून तिच्यावर टीका होऊ शकली. ठाकुरवाडीतून खाली येणारी पायवाटही रुग्णांची निवड करीतच असते. ती कोणास दिसत नाही, म्हणून तिला कोणी जाब विचारीत नाही. तो विचारण्याची जबाबदारी अभ्यासकांची आहे.